पायाचं खापर दिल्लीवर

मोजा जळल्याचा वास आधी लेकीला आला. थंडीतली रविवारची सकाळ, बाहेर दाट धुकं, आणि मी मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये हीटरसमोर पाय पसरून पेपर वाचत बसलो होतो. ती स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं माझी खुर्चीच मागे ओढली.

"बाबा, मोजा जळतोय. तुम्हाला चटका नाही लागला?"

नव्हता लागला. मोजा काढला तर अंगठ्यावर भला मोठा फोड. बायकोनं पायावर गार पाणी ओतलं, तेही जाणवलं नाही. तरी मी म्हणालो, थंडीनं पाय बधिर झालेत, उतरेल.

उतरलं नाही. फोड फुटला आणि जखम काळी पडत चालली, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेलो. रक्तात साखर भरमसाट निघाली. डॉक्टर म्हणाले, हा मधुमेह आजचा नाही, काही वर्षं अंगात मुरलेला आहे. आठवडाभर इन्सुलिन देऊ, ड्रेसिंग करू. काळेपणा वर चढला तर अंगठा काढावा लागेल, कदाचित त्याहूनही जास्त. मग त्यांनी विचारलं, आधी काहीच जाणवलं नव्हतं का? काहीच नाही, असं मी ठासून सांगितलं. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

घरी बायको फोनवर कुणाला तरी म्हणाली, जखम चिघळली. लेकीनं आईला विचारलं, "चिघळली म्हणजे काय?" दिल्लीत वाढलेली पोर, असले शब्द तिच्या कानावरून कधी गेले नव्हते.

तो आठवडा मी पाय उशीवर ठेवून काढला. दुसरा उद्योग नव्हता, म्हणून डॉक्टरांचा प्रश्नच घोळवत राहिलो. तहान तर केव्हापासून होती! सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे स्वतःच्या घरात आलो आणि नळाला बोअरिंगचं खारट पाणी आलं. अख्खी सोसायटी त्या पाण्याच्या नावानं बोटं मोडायची. मी तांब्यावर तांब्या रिचवायचो आणि वर सांगायचो की या पाण्यानं तहान भागतच नाही. उपायही मीच शोधला. परदेशी कंपन्यांच्या गोड, गार पेयांच्या मोठ्या बाटल्या तेव्हा नुकत्या कोपऱ्यावरच्या दुकानात दिसायला लागल्या होत्या. आमच्या फ्रिजमध्ये एक कायम असायची आणि ती बहुतेक माझ्याच पोटात जायची.

ऑफिसला चार्टर्ड बसनं जायचो. रोजची तीच माणसं, ज्याची त्याची ठरलेली जागा, कुणाला बढती मिळाली की बसमध्येच लाडू. पूल ओलांडला की मला खाली उतरून आडोसा गाठावा लागे. पुढे पुढे ड्रायव्हरला सांगायचीही गरज उरली नाही. मागून कुणीतरी हाळी द्यायचा, "मराठा साहब का स्टॉप आ गया." बस हसायची, मीही हसायचो. एवढं पाणी पितो, मग दुसरं काय होणार?

वजन उतरलं तेव्हा करोल बागेत जाऊन पँट कमरेत लहान करून घेतल्या आणि दिल्लीचा उन्हाळा माणसाला कसा सुकवतो यावर घरात व्याख्यान दिलं. पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा थंडीला शिव्या घातल्या. आम्ही कोल्हापूरकडची माणसं, आम्हाला ही हाडं गोठवणारी थंडी कशी सोसायची! हीटर आणला तो त्यासाठीच. या शहरात इतकी वर्षं नोकरी केली, घर घेतलं, पण दुखणंखुपणं आलं की ते या शहराचं, माझं नव्हे.

ड्रेसिंग बदलताना काळा डाग मोठा झाल्यासारखा वाटला, त्या दिवशी माझा तोल गेला. या दिल्लीनं माझा पाय खाल्ला, असं मी ओरडलो. बायको पट्टी तशीच टाकून उठून गेली. लेक मात्र हलली नाही.

"बाबा, मी तर इथेच जन्मले," ती म्हणाली. "हेच पाणी पिते, हीच थंडी. मग मला का काही होत नाही?"

मला तिचा भयंकर राग आला.

आठवडा संपला. दवाखान्यात बायको आणि लेक दोघी शेजारी उभ्या होत्या, पट्टी सुटेपर्यंत मी छताकडे बघत होतो. डॉक्टरांनी बराच वेळ पाय निरखला आणि सांगितलं की काळेपणा जागीच थांबलाय, अंगठा राहील. बायकोला रडू फुटलं. मी उठायला लागलो तर त्यांनी थांबवलं. दोन्ही तळवे तपासायचे होते. डोळे मिटा, टाचणी लागली की सांगा, म्हणाले.

मी डोळे मिटले आणि वाट पाहू लागलो. बराच वेळ गेला. डॉक्टर अजून सुरुवात का करत नाहीत, म्हणून शेवटी डोळे उघडले. ते टाचणी ठेवून हात धुवत होते. आणि लेकीनं माझं चांगलं पाऊल दोन्ही हातांत गच्च धरलं होतं. तिनं ते कधी धरलं, मला कळलंच नव्हतं.