सायीचा रंग

"डोळ्यांनी बघा, बोटांनी नको," असं म्हणत वहिनी मनगटावर उलथन्याचा फटका द्यायच्या. फटका हलका नसायचा. गॅरेजमधल्या प्रत्येकाने तो कधी ना कधी खाल्ला होता, खुद्द मालकांनीसुद्धा. नुकताच रंगवलेला पत्रा समोर दिसला की माणसाचं बोट आपोआप पुढे होतं, तुमचंही झालं असतं. वहिनींना ते ठाऊक होतं, म्हणून उलथनं कायम हाताशी असायचं.

मी त्या गॅरेजात वायरमन होतो. ठाण्याहून बाळकुमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची पत्र्याची शेड होती. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जाताना त्यांनी विकलेल्या गाड्या आता आमच्या वकील-डॉक्टरांच्या दारात उभ्या होत्या. त्यांतल्या काहींच्या आतला डॅशबोर्ड आणि दारांवरच्या पट्ट्या लोखंडी पत्र्याच्या असत, आणि त्यांना एक काळा, खरखरीत रंग असे. दूध गार होताना त्यावर साय धरते आणि तिला बारीक सुरकुत्या पडतात ना, अगदी तसा. आम्ही त्याला सायीचा रंग म्हणायचो. इथल्या दमट हवेत त्याचे पोपडे निघत, खाली गंज धरे, आणि मग गाडी आमच्याकडे येई.

मीटर आणि वायरी सोडवून पत्रा मोकळा करायचा हे माझं काम. पुढचं सगळं वहिनींचं. त्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने जुना रंग उतरवत, पत्रा घासूनपुसून लख्ख करत, मग रंगाचा एक जाड हात देत आणि तो ओला असतानाच दुसरा आडवा. नंतर पत्रा भट्टीत. भट्टी म्हणजे एक मोठं टिनचं खोकं, खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे. ऊब सगळीकडे सारखी लागली तरच सुरकुत्या सारख्या पडतात. एका कोपऱ्याला जास्त लागली की तिथे म्हशीची पाठ होते, हा त्यांचाच शब्द. पदर नाकाला बांधून, हातात चिमटा घेऊन त्या निखारे इकडचे तिकडे करत बसायच्या. एकदा बाहेर एक ड्रायव्हर घाईने हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. वहिनी आतूनच म्हणाल्या, "त्याला सांगा, भोंग्याने साय धरत नाही."

हे काम मुळात त्यांच्या नवऱ्याचं. ते मालकांचे थोरले भाऊ. लढाईच्या वर्षांत कल्याणच्या लष्करी कॅम्पात ते हा रंग शिकले आणि लढाई संपल्यावर भावाच्या गॅरेजात करू लागले. भट्टी सांभाळायला वहिनी सुरुवातीपासून होत्या. विषमज्वराने ते गेले, तेव्हा आता हा रंग बंद झाला असंच आम्ही धरून चाललो होतो. महिना-दीड महिन्याने मागच्या परसात धूर दिसला. वहिनींनी भट्टी पेटवली होती.

मालकांनी काम चालू ठेवलं, कारण गिऱ्हाइकं त्यासाठीच येत होती. पण एक अट घातली. वहिनींनी परसातच बसायचं, शेडमध्ये यायचं नाही. कुणी विचारलं की मालक म्हणत, "आमचा एक माणूस आहे." हा माणूस कोण, कुठला, कसा दिसतो, ते मालकांनाही ठाऊक नसावं. मला त्या शब्दाचाच राग यायचा. पंधरा पावलांवर घाम गाळत बसलेल्या बाईला सरळ नाहीशी करून टाकायची, आणि वर ती आपली वहिनी. असे सभ्य लोक तुम्हीही पाहिले असतील.

वहिनी काही गरीब गाय नव्हत्या. मशेरी लावत, मालकांच्या बारीक आवाजाची हुबेहूब नक्कल करत, आणि माझ्या वायरिंगला नावं ठेवायची एक संधी सोडत नसत. पण गाडी गेली की हळूच विचारायच्या, "वायरमन, काय म्हणाला रे तो?"

मी सांगायचो. फार छान म्हणाला, नव्यासारखं झालंय म्हणाला.

"आणि हात फिरवून बघितला?"

बघितला म्हटलं की त्या मान हलवून पुन्हा कामाला लागत. एकदा मात्र चिमटा खाली ठेवून म्हणाल्या, "तू चांगलं सांगतोस रे. पण एकदा कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणावं. बस, एकदा." त्या बाईला यापलीकडे काही नको होतं.

आणि मग ते वकील आले. कल्याणला त्यांचं मोठं नाव होतं. तिथल्या वाचनालयात विधवांच्या दुःखावर त्यांनी दिलेलं व्याख्यान मी स्वतः ऐकलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. त्यांची गाडी युद्धाच्या आधीची, विलायती, आणि आतला पत्रा अक्षरशः सडायला आलेला. वहिनींनी त्यावर जीव ओतला. एक पट्टी मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा उतरवून पुन्हा केली.

गाडी न्यायला वकीलसाहेब स्वतः आले, रेशमी काठाचं उपरणं आणि हातात नारळ घेऊन. त्यांच्या घरची रीत होती, घरात नवं काही आलं की ज्याने केलं त्याच्या हातात नारळ द्यायचा. त्यांनी डॅशबोर्डवर हात फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला, आणि म्हणाले की विलायतेतही असं काम होत नसेल. कारागिराला बोलवा.

मालक क्षणभर गडबडले. मग त्यांनी आपल्या मेहुण्याला पुढे केलं. हा मेहुणा आमच्याकडे टायरचे पंक्चर काढायचा. त्याने हात पाठीमागे पुसले आणि नारळ घ्यायला पुढे केले, इतक्या सहज की जणू रोजच घेतो.

वहिनी मागच्या दारात उभ्या होत्या. त्या शेडमध्ये आल्या, आमच्या सगळ्यांच्या मधून चालत गाडीपाशी गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "काम माझं आहे, साहेब. नारळ माझा."

वकिलांनी त्यांच्याकडे बघितलं. आधी काळ्या पडलेल्या बोटांकडे, मग मोकळ्या कपाळाकडे. हातातला नारळ त्यांनी हळूच मागे घेतला. मग डॅशबोर्डकडे वाकून बघत म्हणाले की इथे डावीकडे जरा जाडसर वाटत नाही का. ज्या जागी दोन मिनिटांपूर्वी हा माणूस डोळे मिटून हात फिरवत होता, तीच जागा. नंतर मालकांना बाजूला घेऊन, पण आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, त्यांनी सांगितलं की स्वतः त्यांना यात काहीच वाटत नाही, पण मातोश्री जुन्या वळणाच्या आहेत, गाडी देवदर्शनाला जायची आहे, विधवेचा हात लागलेलं घरात चालायचं नाही. तेव्हा हे उतरवून टाका. पुढचं ते मुंबईला करून घेतील.

संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी बोलायला तोंड उघडलं तर मालकांनी माझा दंड घट्ट धरला. तोवर मेहुणा छिन्नी घेऊन पुढे सरसावला होता.

"छिन्नी ठेव. पत्रा खराब करशील," वहिनी म्हणाल्या. "वायरमन, मीटर काढ."

मी काढले. पत्रा परसात नेऊन त्यांनी सोड्याचं पाणी कालवलं आणि आपलं काम आपल्याच हाताने उतरवलं. घाई केली नाही. नेहमी करायच्या तितक्याच निगुतीने, कोपऱ्याकोपऱ्यातून, सगळी साय सुटून येईपर्यंत. वकीलसाहेब शेडमध्ये खुर्चीवर चहा पीत बसले होते. वहिनींनी पत्रा पुसून त्यांच्यासमोर धरला. म्हणाल्या, "घ्या. बघून घ्या नीट. यावर आता कुणाचाच हात नाही."

नारळ शेवटी त्या मेहुण्यालाच मिळाला. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यात नारळाच्या वड्या आणल्या. मी घेतली नाही. बाकीच्यांनी घेतली, ते मी विसरलेलो नाही.

त्या आठवड्यातच वहिनी भट्टीचं खोकं बैलगाडीवर घालून शहाडला भावाकडे निघून गेल्या. मालकांनी अडवलं नाही. शहाडला त्यांचं काम अडलं नाही. पलीकडच्या कॅम्पात, जिथे आता सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती, त्यांचे टाइपरायटर, रेडिओची खोकी, असलं काहीबाही रंगवायला येऊ लागलं. लोक दारात येत, त्यांच्याशीच बोलत. अधूनमधून मी जायचो.

पुढच्या मे महिन्यात वकिलांची गाडी पुन्हा आमच्या शेडसमोर उभी राहिली. मुंबईहून त्यांनी डॅशबोर्ड मोतिया रंगाने फवारून आणला होता, आरशासारखा गुळगुळीत. दुपारच्या उन्हात तो सगळाच्या सगळा समोरच्या काचेत उमटायचा आणि रस्ता दिसेनासा व्हायचा. मुंब्र्याच्या वळणावर ते एका बैलगाडीवर आदळता आदळता वाचले होते. आधीचा तो काळा खरखरीत रंगच बरा होता, म्हणाले, तो परत करून द्या. मातोश्रींचं नाव त्यांनी या वेळी काढलं नाही.

मालकांनी काय सांगावं? म्हणाले, "वहिनी वारल्या."

वकील म्हणाले, "अरेरे. मग आता डॅशबोर्डचं काय?"

या वेळी माझा दंड धरायला मी कुणाला जवळ येऊ दिलं नाही. म्हणालो, "वहिनी धडधाकट आहेत, साहेब. शहाडला असतात. स्टेशनबाहेर कुणालाही रंगवाल्या बाई कुठे राहतात विचारा. तुम्ही म्हणालात तर करून देतील. पण म्हणायला तुम्हाला त्यांच्या दारात जावं लागेल."

मालकांनी मला दुसरी नोकरी बघायला सांगितलं, आणि मी पक्कड, पेचकस पिशवीत भरून निघालो. मला कल्याणलाच काम मिळालं, त्यामुळे वकिलांची गाडी रोज दिसायची. कल्याणहून शहाड ते किती लांब? गाडी सुरू करून गरम होईपर्यंत येतं. पण ते गेले नाहीत. त्यांनी डॅशबोर्डवर एक काळं फडकं अंथरलं आणि ते कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवलं. वाऱ्याने फडकं उडायचं, तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी ते दोन्ही हातांनी दाबून धरायच्या.

मी हे वहिनींना रंगवून सांगितलं. वाटलं, पोटभर हसतील. त्या म्हणाल्या, "काळंच आहे ना फडकं? पांढरं घातलं तर आणखी चमकेल." मग निखारे सारखे करत म्हणाल्या, "येतील रे. रस्ता दिसत नाही म्हटल्यावर माणूस किती दिवस अडून बसेल?"

त्या वाट बघत होत्या. ज्याने त्यांचं काम उतरवायला लावलं, त्यानेच दारात येऊन मागावं, इतकंच. मी गेलो की कधी विचारायच्या, कधी नाही.

काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने वहिनी खरोखरच गेल्या. दहाव्या दिवशी उल्हास नदीच्या घाटावरून मी परत येत होतो, तर कल्याणच्या फाटकापाशी वकिलांची गाडी उभी होती. मी मुद्दाम वाकून आत बघितलं. फडकं आता राहिलं नव्हतं. त्या जागी काळ्या कापडाची खोळ होती, डॅशबोर्डच्या मापाने शिंप्याकडून बेतून घेतलेली, कडा दुमडून, दुहेरी शिवण घालून, अगदी जन्मभर टिकेल अशी.