ओट्याखालचा सर्व्हर

भाड्याच्या सर्व्हरवरची धूळ कोण झाडतं? हसू नका. हा प्रश्न मी मुलुंडपासून अंधेरीपर्यंत विचारला, कोणी म्हणून उत्तर दिलं नाही. उलट माझीच जी शोभा झाली ती ऐका!

माझी वैशूताई. बाहेरगावच्या पेशंटसोबत हॉस्पिटलात राहणाऱ्या लोकांना आमच्या भागातल्या बायका डबे करून देतात. कुणाचा वार कुठला, डबा कुठल्या वॉर्डात, सगळं ताईने कॉम्प्युटरवर बसवलेलं. तो आमच्या किचनमध्ये, ओट्याखाली, कायम चालू. बायका आपापल्या फोनवरून त्यातच बघायच्या. रविवारी ताई रंगाच्या ब्रशने त्याची धूळ काढायची. स्विचखाली चिकटपट्टीवर तिने लिहिलेलं, 'बंड्या, बंद करू नकोस.'

बंड्या म्हणजे मी. आठवी नापास. डबे पोचवणारा.

दिवाळीनंतर ताई गेली. मग कॉम्प्युटरही धापा टाकायला लागला. तो बंद पडला तर कुणाचं तरी जेवण चुकणार. आणि ताईचं एवढंच तर उरलं होतं! मी तिच्या मैत्रिणीला, मानसीताईला फोन लावला. ती अंधेरीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे.

"भाड्याचा सर्व्हर घेऊ, म्हणजे कंपनीकडचा कायम चालू कॉम्प्युटर," ती म्हणाली. "मोठ्या मशीनमध्ये चारचौघांसोबत जागा घ्यायची, की छोटं पण स्वतंत्र?"

"शेजारी कोण आहेत?"

"दिसत नाहीत रे. त्यांचा आवाजही नाही येत."

असे शेजारी मुलुंडमध्ये कुठे मिळतात! तरी मी म्हटलं, "स्वतंत्रच घे. ताईला शेवटी जनरल वॉर्डात ठेवावं लागलं. वेगळी खोली नाही देऊ शकलो तिला."

ती म्हणाली, "बरं. उद्या करू."

आता खोली मिळाली की सामान न्यायचं, एवढं मलाही कळतं! सकाळी मी वायरी उपटल्या, कॉम्प्युटर ताईच्या शालीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. खड्डा आला की ओरडायचो, "हळू यार, पेशंट आहे!"

मानसीताईने शाल उघडली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, हा कशाला आणलास? आतलं सगळं मी इथे बसून घेणार होते! घरी चालू ठेवायचा होता ना!"

तेवढ्यात आईचा फोन. "लावलीस ना वाट? कुणाच्याच फोनवर वार दिसेना!"

"मग डबे राहिले?"

"राहतायत कसले! आपलाच वार असला तर, म्हणून सगळ्यांनी केले. वैशूचं बंद पडलं म्हणून कुणी उपाशी नको, म्हणतायत. जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. ये आधी!"

त्या दिवशी पेशंटचे लोक जेवले, नर्सबाई जेवल्या, वॉचमन जेवला, लिफ्टवाला तर दोनदा जेवला.

कॉम्प्युटर परत आणून लावला. मानसीताईने तिकडून सगळं नव्या सर्व्हरवर नेलं. "झालं बघ," ती फोनवर म्हणाली. "घरचा आता रिकामा आहे. बंद कर."

मी स्विचकडे हात नेला. खाली चिकटपट्टी. एकदा ताईचं ऐकलं नाही, तर काय झालं ते बघितलंत ना? मी ब्रश घेतला, जाळीतली धूळ काढली, अगदी कोपऱ्यातलीसुद्धा. आणि चालूच ठेवला.

"आत काही नाही आणि दिवसभर नुसता घूं घूं," आई माझ्याकडे बघत म्हणाली. "चला, घरात आता असे दोन झाले."