चौदा किलोंचा रिसीव्हर

आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा नसावा. मी भूमापन खात्यात चौतीस वर्षे काढली. बांधावरून हाडवैर झालेले शेतकरीही माझ्या साखळीची मोजणी निमूट मानत. व्याह्यांनी ती मानली नसती. उंब्रजला त्यांचा ऊस आहे, आणि कारखान्याच्या काट्यावर जाण्याआधी ते आपली ट्रॉली बाहेरच्या काट्यावर तोलून घेतात. इथवर ठीक, तिकडे बरेच जण तसे करतात. परंतु व्याह्यांच्या खिशात स्वतःचा ताणकाटा असतो, आणि तो उसापाशी थांबत नाही. माझ्या मुलीला पाहून परत निघताना आम्ही हातात दिलेला पेढ्यांचा पुडा त्यांनी आमच्याच उंबऱ्यात त्या काट्याच्या आकड्याला अडकवला आणि सर्वांदेखत जाहीर केले, "खोक्याचं वजन धरून अर्धा किलो दाखवलंय तुमच्या हलवायानं." तरीही मी मुलगी दिली.

संशयाच्या खालोखाल त्यांचे कान. सैन्यात ते सिग्नलमध्ये होते. खरखरीतून शब्द वेचून काढणे हेच तेथे त्यांचे काम. निवृत्तीनंतर कानांना काम उरले नाही, म्हणून ते सगळ्या गावाचे ऐकू लागले. कोणाच्या मोटारीचे बेअरिंग जाणार, हे ते मालकाच्या आधी सांगत. एकदा मी त्यांच्या अंगणात शिरत असताना आतूनच ओरडले, "पाव्हणं, डावा गुडघा दाखवा कुनाला तरी. चप्पल घासत्याय." मला राग आला. महिन्याने गुडघा दाखवला. त्यांचे खरे होते.

माझा जावई, म्हणजे त्यांचा मुलगा, बाहेरदेशी नोकरीला आहे. त्याने गेल्या वर्षी एक डिस्क आणि ती वाजवणारा प्लेअर आणून दिला. डिस्कवर एका बाईंची गाण्याची मैफल आहे, आणि आवाज पाच दिशांनी वेगवेगळा नोंदवलेला आहे. वेष्टनावर छापले होते की ऐकणारा गायिकेच्या जागी बसतो, आणि दोन तानपुरे त्याच्या मागे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे वाजतात. व्याह्यांनी ते वाचले आणि त्यांची झोप उडाली. पाच स्पीकर त्यांनी जमवले. राहिला रिसीव्हर, म्हणजे प्लेअरकडून आवाज घेऊन पाचही स्पीकरना ज्याचा त्याला वाटून देणारी पेटी. तो परवडणारा हवा आणि फसवणारा नको. आठ महिने ते कऱ्हाडपासून साताऱ्यापर्यंतची दुकाने तोलत हिंडले.

होय, तोलत. यंत्रात दम असेल तर आतला ट्रान्सफॉर्मर जड असतो, तेव्हा रिसीव्हर उसासारखाच वजनावर घ्यावा, हा त्यांचा सिद्धांत. त्यात तथ्य नव्हते असे नाही.

अशात त्यांचा डावा कान वाहू लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी माझ्यादेखत तपासून सांगितले की आत हाड कुरतडणारा रोग आहे, तो मेंदूकडे सरकतो, शस्त्रक्रिया ताबडतोब हवी. आणि तीत या कानाचे ऐकणे बहुधा जाईल. व्याह्यांनी शांतपणे ऐकले व विचारले, "मंजी डावा तानपुरा गेलाच की?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला.

त्यानंतर जे झाले ते वेडेपणाचे होते. दोन्ही कान शाबूत असताना डिस्क एकदा नीट ऐकल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, असे त्यांनी सांगितले आणि पहिली तारीख मोडली. घाईने साताऱ्याहून अठरा किलोंचा एक जुना रिसीव्हर आणला. वजन उत्तम. पण त्याला प्लेअर जोडण्याची सोय एका बारीक तारेपुरती होती, आणि या जातीच्या डिस्कचे पाच आवाज त्या तारेतून येतच नाहीत. दोनच आले. दोन्ही तानपुरे पुढच्या स्पीकरमध्ये कालवण झाल्यासारखे मिसळलेले. व्याह्यांनी यंत्राची पाठ पाहिलीच नव्हती. दुसरी तारीखही मोडली.

उंब्रजहून मुलीचा फोन आला. "आबा, मामंजींना तुम्हीच सांगा. आता ही गुरुवारची तारीख चुकली तर मी जबाबदारी घेणार नाही म्हणतात डॉक्टर. काल मामंजींना घेरी आली. कुणाला सांगू नको म्हणाले."

मला संगीतातले काही कळत नाही. कागद मात्र वाचता येतो. मी दोन दिवस प्लेअरची पुस्तिका वाचली आणि वहीत टिपले की हा प्लेअर डिस्कचा आवाज स्वतः उलगडून सहा तारांनी, पाच दिशांच्या पाच आणि खर्जाची एक, बाहेर देतो. म्हणून रिसीव्हर जुना चालेल, स्वस्त चालेल, पण त्याच्या पाठीवर तशी सहा भोके हवीत. बुधवारी सकाळी वही घेऊन उंब्रजला गेलो आणि व्याह्यांना गाडीत बसवून सांगलीला नेले.

दुकानदाराने नवा, चकचकीत रिसीव्हर पुढे केला. "काका, हजार वॅट."

व्याह्यांनी त्याला पट्टा घालून ताणकाटा लावला. "सहा किलो आठशे. हजार वॅट कुठं ठिवलंय, मालक? मागनं टेम्पोनं येनार हाय का?"

"अहो, हल्ली यंत्रं हलकीच येतात. वजनावर आवाज मोजत नाहीत."

"आमच्याकडं सगळं वजनावरच मोजत्यात. तुमी तेवढं सोडून मोजताय, म्हनून इचारलं."

दुकानदार वैतागला. कोपऱ्यात फडक्याखाली कोणीतरी बदलून दिलेला जुना रिसीव्हर होता, तो दाखवून म्हणाला, "मग हा तोला." व्याह्यांनी तो उचलला. काटा चौदा किलोंवर थांबला, आणि त्याच क्षणी व्याही डावीकडे कलले. मी यंत्र धरले, दुकानदाराने त्यांना धरले. कानातला कापसाचा बोळा पार भिजला होता. ते खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि पुटपुटले, "चौदा का साडेचौदा? नीट बघा."

"उद्या दवाखाना आहे," मी म्हणालो.

"आदी यंत्र. मागल्या टायमाला बी घाईच नडली. हितं तास दोन तास वाजवून बगू. न्हाईतर पुढल्या आटवड्यात..."

पुढचा आठवडा त्यांच्या हाती नव्हता. मी यंत्र फिरवले. बॅटरीच्या उजेडात पाठ पाहिली. वहीतील आकृतीशी एकेक भोक ताडून पाहिले. सहा होती, नावांनिशी.

"हा घ्या," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. "तुमी सांगताय?"

"मी सांगतो."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. डॉक्टरांनाही त्यांनी कधी इतके निरखले नसेल. मग ताणकाटा खिशात घातला आणि दुकानदाराला म्हणाले, "बांधा."

गुरुवारी सकाळी साडेसातला उंब्रजच्या सोप्यात मी सहा तारा वहीप्रमाणे जोडल्या. प्रत्येक तार दोनदा ओढून पाहिली, हे नमूद करतो. सहापैकी एक जरी चुकली असती तर ते मिरजेला निघाले नसते. व्याही पाच स्पीकरच्या मधोमध खुर्चीत बसले. डिस्क फिरली. गाणे सुरू होण्याआधी काही क्षण केवळ तानपुरे होते. व्याह्यांनी मान न हलवता प्रथम उजवा हात खांद्याशी नेला, नंतर डावा. जणू मागे बसलेल्या दोघांना ते हातांनी चाचपून पाहत होते. मुलगी दारात बॅग घेऊन उभी होती. मैफल संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, "डावा जरा उतरल्याला हाय. चला."

शस्त्रक्रिया निभावली. डावा कान गेला.

आता मधली खुर्ची पाहुण्यांची असते. व्याही स्वतः डाव्या भिंतीशी, उजवा कान यंत्राकडे करून बसतात. मी महिन्यातून दोनदा जातो, तेव्हा ते मला मधोमध बसवतात, डिस्क लावतात आणि विचारतात, "डावा काय म्हनतोय, पाव्हणं?" मी लक्ष देऊन ऐकतो आणि ऐकू येते तसे सांगतो. "जरा उतरलेला आहे," असे म्हणालो की ते मान डोलावतात. ताडून पाहत नाहीत.