रविवारचं वाटण

अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमाराला नाशिक रोडच्या आमच्या चाळीत नाथा गांगुर्डे राहायचे. आठवडाभर कारखान्यात राबायचे आणि रविवारी उजाडताच गळ घेऊन दारणा नदीवर जायचे. परतायचे बहुतेकदा रिकाम्या हातानं, पण कारण कायम तयार. पावसाळ्यात पाणी गढूळ, उन्हाळ्यात इतकं नितळ की माशाला दोरा दिसतो, आणि थंडीत म्हणे मासा तळाशी बसतो. अहो, मग गावतो तरी कधी?

त्याहून राग यायचा तो त्यांच्या बायकोचा, लंकाबाईचा. नवरा नदीवर पोहोचायच्या आत ही बाई पाट्यावर माशाचं वाटण वाटायला बसायची! मासा नाही आला, की त्याच वाटणात बटाटे. "बाजारात तुरी," असं मी तोंडावर म्हणाले, तर नुसती हसली.

एका दिवाळीनंतर लागोपाठ कितीतरी रविवार कोरडे गेले. "दारणेत मासाच राहिला नाय," म्हणत नाथाभाऊंनी गळ खुंटीला अडकवला. पुढच्या रविवारी ते अंथरुणातच पडून राहिले. मी पाण्याचा हंडा घेऊन त्यांच्या दारावरून जात होते, तर आत पाट्यावर वरवंटा फिरत होता.

"आज कोण येणार हाय जेवायला?" नाथाभाऊंनी पांघरुणातूनच विचारलं.

"मासा," लंकाबाई म्हणाली. "उठा, घेऊन या त्याला."

थोड्या वेळानं नाथाभाऊ गळ घेऊन माझ्यासमोरून गेले. मी हंडा खाली ठेवला आणि माशाच्या वाटणासाठी आमचाही पाटा धुऊन घेतला.