शेंदूर लावलेला लिंब

माणिकरावांच्या तोंडाला लागू नये, असं तलवाड्याकडच्या त्या फाट्यावर लहानथोर सगळेच म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. सगळी हयात ष्टीच्या स्टेअरिंगवर गेलेली. गाडीसमोर म्हैस आली तर म्हशीला, सायकलवाला आला तर त्याच्या सात पिढ्यांना, आणि कुणीच आलं नाही तर रस्त्यालाच शिव्या घालायची सवय. रिटायर झाल्यावर रस्ता सुटला, मग शिव्यांचा मोर्चा गावाकडे वळला. पण याच माणसाने फाट्यावर बाग उभी केली होती, हेही तितकंच खरं. त्या बागेत कुणी गुटख्याची पिचकारी मारली की त्याची खैर नसे.

बागेची सुरुवात झाली ती छबुबाईपासून. छबुबाई म्हणजे माणिकरावांची बायको. ती गेली नेमकी दुष्काळाच्या वर्षी. राख सावडून माणिकराव भावकीसंगं गोदावरीवर गेले, तर पात्रात पाणी कुठलं? वाळूचे ट्रॅक्टर एकामागं एक चाललेले, आणि मधोमध एक हिरवट डबकं, त्यात म्हशी बसलेल्या. भावकी म्हणाली, "टाका हितंच. गंगा ती गंगाच." माणिकरावांनी गाडगं पोटाशी धरलं आणि तसेच माघारी फिरले.

"जिनं जन्मभर घर झाडलं, तिला चिखलात टाकू व्हय?" एवढंच म्हणाले. मग फाट्यावरच्या पडीक जागेत, अगदी रस्त्याच्या कडेला त्यांनी खड्डा घेतला, राख त्यात ठेवली आणि वर लिंबाचं रोप लावलं. तीच जागा का? तर ड्युटीवर असताना गाडी त्या ठिकाणी थांबायची आणि छबुबाई भाकरी घेऊन उभी असायची. या नवराबायकोचा निम्मा संसार त्या फाट्यावर झाला, तोही इंजिन चालू ठेवून.

आधी लोक हसले. म्हातारा बावचळला म्हणाले. पुढे शेजारच्या पारूबाईचा नवरा वारला, तेव्हा तिनेही गोदावरी नको म्हणून त्याची राख लिंबाच्या मागे पुरून वर चिंच लावली. बौद्धवस्तीतले नवनाथ सर शाळेत शिकवतात, त्यांनी वडिलांच्या मागे पिंपळ लावला. बघता बघता तो पायंडाच पडला. गावात कुणी गेलं की राख फाट्यावर न्यायची आणि एक झाड लावायचं. माणिकराव सगळ्यांना पाणी घालायचे, आणि घालता घालता शिव्याही. ग्रामपंचायतीने तारेचं कुंपण दिलं, बाकडी दिली, 'स्मृती उद्यान' अशी पाटी ठोकली. ष्टीची वाट बघणारे सावलीला बसू लागले, कापूस वेचून आलेल्या बाया तिथेच भाकरी सोडू लागल्या. मेलेल्यांच्या जागेत एवढा हसण्याखिदळण्याचा आवाज दुसरीकडे कुठे ऐकू येत नसेल.

आणि मग बातमी आली, की रस्ता चौपदरी होणार. बाग त्यात जाणार.

माणिकराव पहिले दोन दिवस नुसते येरझारा घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. जन्मभर गाडी हाकताना त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. आपल्याकडचा रस्ता माणसाला वाकत नाही, झाडाला वाकत नाही, पण देवाला वाकतो. मधोमध म्हसोबा बसलेला असला की मोठमोठे ट्रक दोन्ही अंगांनी गुमान वळसा घालून जातात. झालं! माणिकराव गेवराईच्या बाजारात गेले, शेंदूर आणला, तेलात कालवला आणि छबुबाईच्या लिंबाला बुंध्यापासून हात पुरेल तिथवर फासला. वर चांदीचे डोळे बसवले, खिळे ठोकून हिरव्या बांगड्या अडकवल्या.

उरलेला शेंदूर घेऊन ते पिंपळाकडे वळले, तर नवनाथ सर आडवे आले.

"तात्या, माझा बाप जन्मात कवा शेंदरापुढं वाकला न्हाई. मेल्यावर त्याला देव कावून करता?"

माणिकराव चरफडले, पण हात मागे घेतला. एक झाड देव झालं म्हणजे पुष्कळ झालं, त्याच्या आडोशाने बाकीची वाचतील, असा त्यांचा हिशेब होता.

आणि देव असा पावला म्हणता! नवीन माणसांना काय ठाऊक खाली कोण आहे? त्यांनी 'लिंबाआई' म्हणून नारळ फोडायला सुरुवात केली. आणि ज्यांना ठाऊक होतं, तेही हळूहळू हात जोडू लागले. पारूबाई तर सगळ्यांच्या पुढे. तिची लेक चैताली बाळंतपणात अडली होती, ती सुखरूप सुटली, तिला लिंबाआईनेच सोडवलं म्हणे. मंगळवारी, शुक्रवारी गर्दी होऊ लागली. गावचा तरुण पुढारी विजयसिंह याने फ्लेक्स लावला, फ्लेक्सवर आईपेक्षा त्याचा फोटो मोठा, आणि सभामंडप मंजूर करून आणतो म्हणून शब्द दिला. माणिकराव मिशीला पीळ देत म्हणाले, "आता हालवून दाखवा बे, कोण हालवतो त्ये!"

फक्त उदबत्तीचा धूर दाटला, की ते उठून लांब जाऊन बसत. छबुबाईला धुराने ठसका लागायचा.

अशात एके दिवशी बीडहून योगिता आली. डोक्याला ओढणी बांधलेली, हातात मोजायची टेप. रस्ता रुंद झाल्यावर झाडांचं, पाण्याचं, बागांचं काय होईल हे तपासायचं आणि दुसरी वाट निघते का ते मांडायचं, हे तिचं काम. पोरगी तोंडाची गोड, पण आडपडदा नाही. सगळी बाग फिरून ती माणिकरावांजवळ बाकड्यावर बसली.

"काका, रस्त्याच्या पलीकडं गायरान मोकळं आहे. गावाची बाग म्हणून नोंद झाली तर रस्ता तिकडं सरकवा असं मला लिहिता येतं, आणि त्याला वजन असतं. पण इथं तर देवस्थान दिसतंय."

"मग बरंच हाय की! देवाला कोन हात लावतंय?"

"देवाला नाही लावणार. या एका झाडाला कठडा बांधतील आणि रस्ता दोन्ही बाजूंनी काढतील. मागची सगळी झाडं मात्र देवळाच्या आवारातलं अतिक्रमण म्हणून जातील."

माणिकरावांनी वळून बघितलं. मागे पारूबाईचा नवरा होता, नवनाथ सरांचे वडील होते, सगळं गाव होतं.

"देव बी लिव्हा, बाग बी लिव्हा," ते म्हणाले.

"दोन्ही नाही चालत, एका जागेची नोंद एकच होते. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. गाव म्हणेल ते मी लिहीन." तिने टेप गुंडाळून ठेवली. "आणि काका, तुमच्यापासून लपवत नाही. बाग म्हणून लिहिलं आणि रस्ता पलीकडं सरकला, तरी या कडेनं नाली येणारच. हा पुढचा लिंब काही वाचत नाही."

म्हणजे देव म्हणावं तर एकटी छबू राहते, आणि बाग म्हणावं तर तिच्याशिवाय सगळे राहतात. आपल्याच हाताने फासलेला शेंदूर, आता बोंब कुणाच्या नावाने मारायची? पुढचा आठवडाभर माणिकरावांनी गावात कुणाला एक शिवी दिली नाही. लोकांना वाटलं, म्हातारा आजारी आहे.

सुनावणी शाळेच्या पटांगणात झाली. पुढे साहेब लोक, बाजूला योगिता कागद घेऊन. विजयसिंहाने झोकात भाषण ठोकलं, लिंबाआई हे जागृत देवस्थान आहे, अखंड गावाची श्रद्धा आहे, वगैरे. टाळ्या पडल्या. मग माणिकराव उठले.

"मी ष्टीचा डायवर. मला भाशान येत न्हाई. शेंदूर मी लावला. डोळं मी बशिवलं. तितं देव न्हाई. तितं माझी बायको हाय."

पहिली उठली ती पारूबाई. "तात्या, जीभ झडंल तुमची! माझ्या चैतालीला तिनं सोडिवलं!"

"चैतालीला दवाखान्यानं सोडिवलं, पारूबाई. आन् छबूनं सोडिवलं असंल तर शेजारीन म्हनून, देव म्हनून न्हाई." माणिकरावांचा आवाज चढला, मग एकदम उतरला. "देव ठिवला तर तुझ्या मालकाची चिंच जाती. समद्यांची झाडं जात्यात. इचार करा."

पारूबाई पदर तोंडाला लावून खाली बसली.

"तात्या, डोकं फिरलं का तुमचं?" विजयसिंह ओरडला. "सभामंडप आणलाय मी!"

"त्यो तुझ्या दारात बांध बे!"

लोक खो-खो हसले, आणि त्या हसण्यातच नवनाथ सरांनी हात वर केला. "बाग," ते म्हणाले. मग एकेक हात वर येऊ लागला. सगळ्यात शेवटी पारूबाईचा आला, वर न बघता. योगिताने लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी माणिकराव ट्रॅक्टरवाल्याकडून बाटलीभर डिझेल आणि एक फडकं घेऊन बागेत गेले. तेलातला शेंदूर पाण्याने थोडाच निघतो? डोळे काढले आणि खालून घासायला लागले. थोड्या वेळाने पारूबाई आली. खिळ्यांना अडकवलेल्या बांगड्या एकेक करून काढायला आणि पदरात ठेवायला लागली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "छबुबाई असत्या तर त्या बी हेच म्हनल्या असत्या, तात्या. बाकीच्यांला वाचवा म्हनल्या असत्या."

माणिकराव घासायचे थांबले.

"न्हाई पारूबाई. उगं कायबी बोलू नगंस. ती न्हाई म्हनली असती. लई भांडली असती. जन्मभर तुमच्या गाडीत आदी लोकांला जागा दिली, मला सदा उभी नेली, आता मेल्यावर बी तेच का, म्हनली असती."

"मग?"

"मग काय. आज बी तिला न इचारताच उठिवलं मी."

आणि ते लाल झालेलं फडकं तोंडावर दाबून माणिकराव ढसाढसा रडले. छबुबाई गेली तेव्हा गावाने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पारूबाईने पाहिलं, आणि ती तशीच गुमान बांगड्या काढत राहिली.