नावेतली आडवी भिंत

वाचनालयाच्या या फळ्यावर माझे पांडित्य रोज सोसणाऱ्या सुहृदहो, आज सकाळी कृष्णाकाठी अस्मादिकांच्या करकमलांनी नौकाशास्त्राची सेवा घडली. म्हणजे हसनभाई सुतार गावच्या नावेत आडवी भिंत बसवत होते आणि मी फळ्या धरून उभा होतो.

पुढच्या टोकाला फट पडली तर पाणी तिथल्याच कप्प्यात अडावे, यासाठी ही भिंत. पलूसहून आणलेल्या फळ्यांच्या कडा तासून हसनभाईंनी त्या नावेच्या पोटाच्या बाकाला जुळवल्या, फटींत सूत ठोकले, वर डांबर ओतले. मग पुढच्या कप्प्यात घागरी रिकाम्या केल्या.

“गुरुजी, मागं हात लावून बघा. टिपूस न्हाई.”

खरोखरच कोरडे होते.

गेल्या पावसाळ्यापूर्वी हसनभाईंनी हीच भिंत सुचवली होती. तेव्हा मी भारवृद्धी आणि गतिमांद्य यांवर सप्रमाण व्याख्यान दिले. नाव चालवणारा माझा धाकटा भाऊ हसून म्हणाला, “दादा म्हनतोय तर ऱ्हाऊ द्या, चाचा.” श्रावणात पुढच्या टोकाला फट पडून नाव पाण्याने भरली. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

आज ते लाकूड चाचपताना मला काहीच वाटले नाही. हात ओला झाला नाही, एवढेच कळले.

“उद्या नाव सोडताना नारळ गुरुजींनीच फोडायचा,” सरपंच म्हणाले. मी मान डोलावली. नकार दिला असता तर कारण सांगावे लागले असते. हसनभाई हत्यारे गोळा करत होते.

विद्वज्जनहो, तो नारळ मी फोडावा का? उत्तर खाली खडूने लिहावे.