गौरम्माचं सवणं

हैदराबादेहून काच आली ती धाकट्या जावेच्या घरी, आणि उदगीरच्या गौरम्माचा जीव जो जळायला लागला तो लागलाच.

निजामाच्या अखेरच्या दिवसांतली गोष्ट. तेव्हा माळवदाच्या घरांना खिडक्या कुठल्या? माळवदातच, म्हणजे मातीच्या सपाट छतातच, एक भोक ठेवायचं, त्याला म्हणायचं सवणं. उजेड तिथनं आत, चुलीचा धूर तिथनं बाहेर, आणि पाऊस आला की वर घमेलं पालथं. धाकट्या शिवगंगेनं मात्र माजघरावर नवं सवणं पाडून त्यावर काच बसवली. दोघी जावांची घरं भिंतीला भिंत लागून. सासू नागम्मा राहायची थोरलीकडं, म्हणजे गौरम्माकडं; पण काच बसली तशी म्हातारी सकाळची लिंगपूजा आटोपली की तिकडं जायला लागली. "तिथं लख्ख दिसतंय गं," म्हणायची.

"खायाला माझ्याकडं अन् बसायला तिच्याकडं! मी काय खानावळ काढली हाय?" गौरम्मा नवऱ्यावर कडाडली. बिचाऱ्या शंकरप्पानं जावेच्या दुप्पट काच आणली.

आता ती बसवायची कुठं? शंकरप्पा म्हणाला, माजघरावर. छे! गौरम्माचा दिवस जायचा चुलीपुढं. म्हातारी तिथंच, डोळ्यांपुढं बसायला हवी होती. "चुलीवरच्या सवण्यालाच बसवा. अन् चुन्यानं गच्च लिंपा, थेंब गळता कामा नये."

"अगं, पण..."

"तुम्ही गप बसा हो!"

बसवली. काय उजेड पडला म्हणता! नागम्मा आली, भिंतीला टेकली, "बेस हाय" म्हणाली. गौरम्माला आभाळ ठेंगणं झालं. मग तिनं चूल पेटवली.

धूर जाणार कुठनं? म्हातारी खोकून खोकून बेजार झाली आणि नाकाला पदर लावून निघाली ती थेट शिवगंगेकडं.

काचेला, नवऱ्याला, जावेला शिव्या घालत गौरम्मा वरवंटा घेऊन माळवदावर चढली. फोडायची होती आपलीच काच, पण पाय वळले जावेच्या काचेकडं. वाकून बघते तर खाली नागम्मा शिवगंगेला पुढ्यात बसवून तिच्या केसांतल्या उवा काढत होती, पोटच्या पोरीच्या काढाव्यात तशा मायेनं. इतक्या वर्षांत म्हातारीचा हात गौरम्माच्या डोक्यावरून एकदाही फिरला नव्हता. तो फिरावा म्हणून आपण किती झुरत होतो, हे तिला तिथं उन्हात उकिडवं बसल्यावर कळलं. वरवंट्यावरची मूठ आवळली. हीच फोडली तर?

तेवढ्यात म्हातारीनं मान वर केली.

"कोण गं ते, गौरम्मा? सर की जरा बाजूला. तुझ्या सावलीनं हिच्या डोक्यातलं दिसंना झालंय."

गौरम्मा बाजूला सरकली.